वाचकांचे प्रश्न : विमानाचे किट वेळेवर येत नाही तेव्हा

स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्या वाचकांकडून गेल्या काही आठवड्यांत जी पत्रे आली, त्यांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा वाचायला मिळाली : ठरलेल्या तारखेला किट (विमानाच्या सुट्या भागांचा संच) आले नाही आणि काम अडून पडले आहे. त्यांतील चार पत्रांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रे लांब असल्यामुळे त्यांतला मुद्द्याचा भाग तेवढाच घेतला आहे.

प्रश्न : दोन आसनी, धातूच्या विमानाच्या शेपटीचे काम माझ्याकडून जवळजवळ पूर्ण झाले आहे. पंखांच्या किटची आगाऊ रक्कम मी कधीच भरली असून कंपनीने तारीख आतापर्यंत दोनदा पुढे ढकलली आहे. ऑर्डर रद्द करून दुसऱ्या कंपनीकडे जावे, की वाट पाहावी?

उत्तर : रद्द करण्याचा विचार करण्याआधी दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे करा. उशीर नेमका कशामुळे होत आहे, हा पहिला. आणि आपण भरलेले पैसे आज कोणत्या स्वरूपात आहेत, हा दुसरा. कंपनीला लेखी विचारा की, माझ्या किटमधले कोणते भाग तयार होऊन ठेवलेले आहेत आणि कोणत्या भागामुळे पेटी बंद होत नाही. ज्या कंपनीकडून ‘मुख्य स्पारचे (पंखाच्या आतल्या आधाराच्या तुळईचे) काम अमुक टप्प्यावर आहे, बाकी सर्व भाग बांधून ठेवले आहेत’ अशा स्वरूपाचे उत्तर येते, ती उशीर करत असली तरी काम करत असते. ज्या कंपनीकडून प्रत्येक वेळी केवळ नवी तारीख येते आणि अडलेल्या भागाचे नावही येत नाही, तिच्याकडे आणखी पैसे पाठवण्याचे आपण तूर्त थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या क्षेत्राचा इतिहास आपल्याला माहीत असावा म्हणून दोन उदाहरणे देतो. बीडी-५ हे जिम बीडी यांचे छोटे, एक आसनी विमान १९७१ मध्ये पहिल्यांदा उडाले आणि हजारो लोकांनी त्याचे किट किंवा आराखडे घेतले. सांगाडा बांधायला लागणारे भाग अनेकांच्या घरी पोहोचले. पण ज्या हिर्थ इंजिनावर सगळा भरवसा होता, ते बनवणारी कंपनीच दिवाळखोरीत गेली आणि बांधलेले सांगाडे इंजिनाविना पडून राहिले. पुढे बीडी यांची कंपनीही बुडाली, आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार त्यांना १० वर्षे विमानांसाठी आगाऊ रक्कम घेण्यास मनाई झाली. पूर्ण होऊन उडालेली बीडी-५ विमाने काहीशेच आहेत.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७३ च्या सुमारास सुरू केलेली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही किट-विमानांच्या जगातली सर्वांत मोठी आणि विश्वासाची कंपनी मानली जाते. मागणी एकदम वाढल्यावर तिने काही भाग लेसरने कापून घेतले आणि त्यांतल्या काही भागांना डिंपल करताना (छिद्राभोवती खळगा दाबताना) छिद्रांच्या कडेला बारीक तडे जाऊ लागले. भाग बदलून देण्याचा खर्च आणि वाढलेल्या इतर खर्चांचे ओझे मिळून डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला न्यायालयाच्या देखरेखीखाली पुनर्रचनेसाठी अर्ज करावा लागला. जुन्या ग्राहकांपुढे चढ्या किमतीला नवा करार मान्य करण्याचा प्रश्न उभा राहिला. २०२४ मध्ये पुनर्रचनेला मंजुरी मिळाली आणि कंपनी आजही किट पाठवत आहे. म्हणजे चांगल्या कंपनीचाही हात आखडू शकतो आणि ती त्यातून सावरूही शकते. मात्र मधल्या काळात आगाऊ रक्कम भरलेल्या माणसाची अवस्था रांगेत उभ्या असलेल्या, तारण नसलेल्या धनकोसारखी असते.

म्हणून आपल्या करारात तीन गोष्टी शोधा : आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली जाते की रोजच्या खर्चात मिसळते, किट किती काळात न आल्यास ती परत मागता येते, आणि ऑर्डरच्या दिवशीची किंमत पाठवणीच्या दिवसापर्यंत कायम राहते का. पहिल्या गोष्टीचे उत्तर बहुतेक वेळा ‘मिसळते’ असेच येते, हे धरून चाला. पुढच्या टप्प्यांच्या किटसाठी एकदम रक्कम गुंतवून ठेवल्यास सवलत मिळत असली, तरी ती सवलत म्हणजे आपण कंपनीला बिनतारण दिलेल्या कर्जाचे व्याज आहे असे समजून हिशोब करा.

आता वाट पाहण्याविषयी. अशा धातूच्या दोन आसनी विमानाला साधारण १,५०० ते २,५०० तास लागतात. आपण आठवड्याला १० तास देत असाल, तर वर्षाचे जेमतेम ५०० तास होतात, म्हणजे काम तीन ते पाच वर्षांचे आहे. शेपटीला १५० ते २०० तास धरले, तर ती १५ ते २० आठवड्यांत होते. आणि पंखांच्या किटला कंपनी आठ महिने सांगत असेल, तर ते सुमारे ३५ आठवडे झाले. शेपटीचा पहिला रिव्हेट (पत्रे कायमचे जोडणारा धातूचा खिळा) ठोकण्याआधीच पंखांची ऑर्डर जायला हवी होती, हे या साध्या गणितातून दिसते. आपल्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे. पण धडाच्या किटसाठी हेच गणित आजच मांडा. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत तिने मागच्या वेळी जेवढा उशीर केला तेवढा मिळवा, आणि त्या बेरजेवरून ऑर्डरची तारीख ठरवा. एक किट हातात आणि एक वाटेवर, यापेक्षा जास्त पैसे बाहेर ठेवू नका.

दुसऱ्या कंपनीकडे जायचे झाल्यास शेपटीवर खर्च केलेले तास बहुधा वाया जातात, कारण दोन आराखड्यांचे भाग एकमेकांना लागत नाहीत. त्याऐवजी त्याच प्रकारचे, कोणीतरी अर्धवट सोडलेले पंख विकत मिळतात का, ते पाहा. अमेरिकेच्या नियमानुसार हौशी बांधणीच्या विमानाचा निम्म्याहून मोठा भाग शिक्षणासाठी किंवा छंद म्हणून हौशी लोकांनी केलेला असावा लागतो. तो एकाच माणसाने केलेला असण्याची अट नाही. मात्र आधीच्या बांधणाऱ्याची नोंदवही आणि छायाचित्रे त्या पंखांबरोबर आलीच पाहिजेत. ज्या पंखांबरोबर नोंदवही नाही, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. आत काय केले आहे हे रिव्हेट फोडल्याशिवाय आपल्याला कधीच कळणार नाही.

प्रश्न : धडाचे किट अडकले आहे, पण इंजिनासाठीची रांगही मोठी आहे असे ऐकतो. मग मधल्या काळात इंजिन, प्रोपेलर आणि पॅनेलची उपकरणे घेऊन ठेवू का? निदान काहीतरी पुढे सरकल्याचे समाधान मिळेल.

उत्तर : समाधानाची ती ओढ मला फार चांगली ठाऊक आहे, आणि तिच्यामुळेच मी हे उत्तर थोडे कठोरपणे लिहितो. उशिरामुळे होणारे नुकसान महिन्यांत मोजता येते; उशिराच्या काळात मन शांत करण्यासाठी घेतलेल्या निर्णयांचे नुकसान बऱ्याचदा त्याहून कितीतरी मोठे असते.

उपकरणांचे उत्तर सोपे आहे : सर्वांत शेवटी घ्या. पडद्यावरची उपकरणे झपाट्याने बदलतात आणि वॉरंटीचा काळ बऱ्याचदा खरेदीपासून किंवा पाठवणीपासून मोजला जातो. दोन वर्षे खोक्यात राहिलेले उपकरण पहिल्यांदा चालू कराल तेव्हा त्यातला दोष तुमच्याच खर्चाने दुरुस्त होईल. मात्र उपकरणे कोणती घ्यायची हे ठरवणे, तारांचा आराखडा काढणे, खऱ्या मापाचे पुठ्ठ्याचे पॅनेल कापून त्यावर प्रत्येक चकतीची जागा आखून पाहणे, ही सगळी कामे आत्ता करता येतात आणि ती करण्यासारखी आहेत. पुठ्ठ्यासमोर खुर्ची मांडून बसल्यावर हात कुठे सहज पोहोचतो आणि कुठे नाही, हे कोणत्याही चित्रापेक्षा लवकर कळते.

इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. रांग खरोखर मोठी असेल, तर रांगेत नाव घालणे शहाणपणाचे आहे, परंतु इंजिन हातात पडण्याची तारीख धड उभे राहण्याच्या तारखेच्या जवळ आणण्याची सोय करारात असावी. तशी सोय नसेल आणि इंजिन आधीच येणार असेल, तर त्याच्या साठवणुकीची तयारी त्याच्या आधी झाली पाहिजे. नवे इंजिन गंज रोखणाऱ्या तेलाने आतून माखून, स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग बसवून बहुधा पाठवले जाते. त्या पारदर्शक प्लगमधले दाणे कोरडे असताना निळे असतात आणि ओलावा शोषला की गुलाबी होत जातात. दर आठवड्याला त्यांच्याकडे पाहणे आणि रंग बदलताच ते बदलणे, हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नका. आणि एक गोष्ट पाहुण्यांनाही बजावून ठेवा : असे जपून ठेवलेले इंजिन हाताने फिरवायचे नाही. फिरवताच सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर रिंगांनी पुसला जातो आणि नेमक्या त्या पट्ट्यात गंज धरतो. ‘रोज थोडे फिरवले की इंजिन मोकळे राहते’ हा समज अनेकांच्या मनात पक्का बसलेला आहे. साठवणुकीतल्या इंजिनाला तो घातक आहे. किती काळाने तेल पुन्हा भरायचे, याबाबत इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या लेखी सूचना असतात. त्या पाळा आणि प्रत्येक वेळची तारीख नोंदवहीत लिहा.

टायर, ट्यूब, बॅटरी, रबरी नळ्या, ओ-रिंग यांपैकी काहीही आगाऊ घेऊ नका. हे सर्व पडून राहिल्यानेच म्हातारे होते.

प्रश्न : पंखांची पेटी आली, पण त्यात चार ब्रॅकेट आणि काही बोल्ट कमी आहेत. कंपनी म्हणते नंतर पाठवू. मी बोल्ट बाहेरून घेऊन आणि ब्रॅकेट स्वतः कापून काम चालू ठेवू शकतो का?

उत्तर : बोल्ट घेऊ शकता, ब्रॅकेट थांबू द्या. ए.एन. मालिकेचे बोल्ट, नट आणि वॉशर ही प्रमाणित वस्तू असल्यामुळे विमानांचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही भरवशाच्या विक्रेत्याकडून त्याच क्रमांकाने घेता येतात. विमानाच्या पोलादी ए.एन. बोल्टच्या डोक्यावर सहसा फुलीची खूण असते, ती पाहून घ्या. साध्या हार्डवेअरच्या दुकानातला, मापाने तंतोतंत बसणारा बोल्ट मात्र पंखाच्या जवळपासही आणू नका. त्याची ताकद, त्याचे आटे कुठे संपतात आणि त्याच्यावरचा मुलामा या तिन्ही गोष्टी वेगळ्या असतात. ब्रॅकेट हा कंपनीच्या आराखड्याचा भाग आहे. मिश्रधातू कोणता, त्याला कोणते टेंपर (कडकपणा) दिले आहे, वाकवण्याची त्रिज्या किती ठेवली आहे, हे न कळता तो घरी बनवणे म्हणजे आराखडा बदलणे होय. कंपनीने लेखी परवानगीसह चित्र पाठवले तरच तो करा, आणि ते पत्र नोंदवहीत चिकटवा.

मधल्या काळात काम चालू ठेवायला माझी हरकत नाही, पण काहीही बंद करू नका. क्लेकोने (काढता येणाऱ्या तात्पुरत्या चिमट्याने) जोडा, रिव्हेट नको. ज्या पोकळीत पुढे ब्रॅकेट, तारांची नळी, पिटो नळी (विमानाचा वेग मोजण्यासाठीची) किंवा ऑटोपायलटची मोटर जायची आहे, तिच्यावरचे कातडे, म्हणजे बाहेरचा पत्रा, कायमचे ठोकून टाकल्यावर हात घालायला जागा उरत नाही, आणि मग चार ब्रॅकेटसाठी चारशे रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात. रिव्हेट काढताना छिद्र मोठे होण्याचा धोका प्रत्येक रिव्हेटमागे असतो.

आणखी एक विनंती. पेटी येताच पहिल्या आठवड्यात तिच्यातली प्रत्येक पुडी यादीशी ताडून पाहा, कारण कमतरता कळवण्यासाठी बहुतेक कंपन्या ठरावीक मुदत देतात. रिव्हेट एकेक मोजण्याची गरज नाही. वजनाच्या काट्यावर शंभर मोजून ठेवा आणि पुडीचे वजन त्या हिशोबाने ताडा. आपण हे केले म्हणूनच चार ब्रॅकेट आज सापडले. दीड वर्षानंतर सापडले असते, तर ते विकत घ्यावे लागले असते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आलेले पंखांचे भाग तसेच आहेत, कारण आधी स्पारची बदली यायची होती. आता ती पुढच्या महिन्यात येणार आहे. इतक्या काळानंतर काम सुरू करताना काय पाहावे? खरे सांगायचे तर हात चालेल की नाही, याचीच भीती वाटते.

उत्तर : आधी भागांचे पाहू, मग हातांचे.

ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर येणारे निळे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे आवरण ओरखड्यांपासून वाचवण्यासाठी असते, साठवणुकीसाठी नव्हे. ते आजच काढा. दोन वर्षांनी त्याचा गोंद पत्र्याला घट्ट चिकटलेला असेल. एक कोपरा नखाने उचलून, आवरण पत्र्याला समांतर, हळूहळू मागे ओढत न्या, आणि मागे राहिलेला गोंद योग्य द्रावकाने व मऊ फडक्याने पुसा. धातूच्या अवजाराने खरवडू नका, कारण अल्क्लॅड पत्र्यावरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा थर फार पातळ असतो आणि गंजापासून पत्र्याचे रक्षण तोच करतो. आवरण निघाल्यावर पत्रा उजेडात तिरका धरून पाहा. केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या रेषा दिसल्या, तर आवरणाखाली ओलावा शिरून गंज पसरू लागला आहे असे समजा. पांढरी भुकटी दिसली किंवा बोटाला खड्डे जाणवले, तर छायाचित्र काढून कंपनीचे मत घ्या. तो पत्रा वापरायचा की नाही हे अंदाजाने ठरवू नका. पुठ्ठ्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळलेले भाग आधी तपासा, कारण कागद ओलावा धरून ठेवतो. पत्रे सपाट एकावर एक रचून ठेवले असतील, तर मधले पत्रे विशेष बारकाईने पाहा.

टाकीचे सीलंट दोन वर्षांपूर्वीचे असेल, तर ते इंधनाच्या टाकीसाठी वापरू नका. ते टाकून द्या. डब्यावरची तारीख उलटल्यावरही त्याचा थोडा भाग मिसळून पाहिला तर कदाचित घट्ट होईल, पण पत्र्याला ते वर्षानुवर्षे धरून राहील की नाही हे त्या छोट्या चाचणीतून कळत नाही, आणि गळणारी टाकी उघडण्याचे काम किती जिकिरीचे असते हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. प्रायमरचीही तारीख पाहा. आपल्याकडे फायबरग्लासच्या टोप्यांसाठी इपॉक्सी असेल आणि थंडीत रेझिन साखरेसारखे दाणेदार झाले असेल, तर ते हलके गरम केल्यावर बहुधा पूर्ववत होते. हार्डनर मात्र उघडा राहिला असेल तर नवाच घ्या.

आता हातांचे. भीती वाटते हे आपण मोकळेपणाने लिहिले, याचे मला मोल वाटते, कारण दीर्घ खंडानंतर तिच्याकडे दुर्लक्ष करणारा माणूस पहिल्याच दिवशी स्पारवर ड्रिल टेकवतो. स्पार येईपर्यंत महिना आहे. भंगार पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर बर (कापलेल्या कडेवरचे धारदार कंगोरे) काढणे, डिंपल करणे आणि रिव्हेट ठोकणे ही तिन्ही कामे पुन्हा करा. ठोकलेल्या रिव्हेटचे मागचे डोके मूळ दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतके उंच येते का, हे गेजने तपासा. सलग तीस रिव्हेट या मापात आले की हाताला जुनी सवय आठवली आहे असे समजायला हरकत नाही. बकिंग बार (रिव्हेटच्या मागे धरायचा जड धातूचा ठोकळा) धरणारा जोडीदार नवा असेल, तर हा सराव त्याच्यासोबतच करा. दोघांच्या हातांची लय जुळायला पत्र्याचे दोन-तीन तुकडे तरी खर्ची पडतातच.

यानंतर, थांबताना काम कोठे सोडले होते ते शोधा. येथे मी माझा अनुभव सांगतो. माझ्या विमानाच्या वेळी एका पुरवठादाराने धडाचे भाग सात महिने उशिरा पाठवले, आणि त्या काळात मी कार्यशाळेला कुलूप लावून ठेवले होते. परत आल्यावर एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाच्या) कंसाचे बोल्ट जागच्या जागी, नटांसह, अगदी व्यवस्थित बसलेले दिसले. मला पूर्ण खात्री होती की, मी ते टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळण्याच्या पान्याने) आवळले होते. नोंदवहीत मात्र तशी ओळ नव्हती, म्हणून रेंच लावून पाहिला, तर सहापैकी दोन नट केवळ हाताने फिरवून ठेवलेले निघाले. दिसायला सहाही सारखेच होते.

म्हणून आपल्या पंखांवर आज जेवढे बोल्ट आहेत, त्यांपैकी ज्यांच्यावर टॉर्कची (आवळल्याची खूण म्हणून ओढलेली) रंगीत रेघ नाही त्या सर्वांना आवळलेले नाहीत असे धरून पुन्हा तपासा. ज्या रिव्हेट रांगा अर्ध्या ठोकल्या आहेत त्यांच्या टोकाला कागदी पट्टी चिकटवा, आणि पुस्तिकेच्या ज्या पानावर आपण थांबला होता त्याच्या चार पाने आधीपासून वाचायला सुरुवात करा. दरम्यान कंपनीने त्या पानांत दुरुस्ती काढली आहे का, तेही पाहा. दोन वर्षांत पुस्तिकेची पाने आणि भागांचे क्रमांक बदललेले असू शकतात, आणि बदललेला स्पार जुन्या पानावरच्या छिद्रांच्या क्रमाने येईलच असे नाही. शक्य असल्यास एखाद्या अनुभवी बांधणाऱ्याला, आणि आपल्या देशातल्या हौशी विमान संघटनेचा तांत्रिक सल्लागार उपलब्ध असेल तर त्याला, कातडे बंद होण्याआधी एकदा पंख दाखवा. अमेरिकेतील ईएए या १९५३ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे असे सल्लागार सभासदांच्या कार्यशाळेत येऊन काम पाहतात.

स्पारची पेटी आली की ती उघडून, यादी ताडून, भाग बाकावर ठेवा आणि त्या दिवशी एवढेच करा. ड्रिल दुसऱ्या दिवशी हातात घ्या.